नोकरी सांभाळून दुकान : एका जुन्या प्रश्नाचा अमेरिकी इतिहास

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाच्या मनात एक विचार कधी ना कधी डोकावतोच. नोकरी बरी चालली आहे, घराचे हप्ते फिटताहेत, ४०१(के) मध्ये थोडी पुंजी साठली आहे. पण पुढची कर्मचारी-कपात आपल्या दारात आली तर? मग मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना कुणीतरी सुचवतं, "एखादी फ्रँचायझी घे की! नाव त्यांचं, पद्धत त्यांची, माणसं पगारी. नोकरी सोडायचीही गरज नाही. आठवड्याला दहा-पंधरा तास दिले की झालं."

हा सल्ला खरा की खोटा, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. पण हा प्रश्न आपल्या पिढीपुढे पहिल्यांदा आलेला नाही, एवढं नक्की. फ्रँचायझीचा धंदा अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं जुना आहे आणि 'मालक दुकानात हवा की नुसता कागदावर पुरे' हा वाद त्यात सुरुवातीपासून आहे. आयुष्याची बचत घालण्याआधी तो इतिहास चाळून पाहायला हरकत नाही.

शब्दातच गोम आहे

'फ्रँचायझी' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ मोकळीक, सूट. राजाने किंवा सरदाराने एखाद्याला बाजार भरवण्याचा, नदीवर तरीची नाव चालवण्याचा किंवा जकात गोळा करण्याचा हक्क द्यायचा आणि त्याबदल्यात ठरलेला वाटा घ्यायचा, ही युरोपातली जुनी रीत. इंग्रजीत मताधिकारालाही 'फ्रँचाइझ'च म्हणतात, ते याच अर्थाने.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द 'मक्ता'. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल गोळा करण्याचे मक्ते दिले जात. मक्तेदाराने सरकारात रक्कम भरायची, मग रयतेकडून वसुली होवो न होवो, ती त्याची डोकेदुखी. सरकारचा आकडा आधी ठरलेला, जोखीम मक्तेदाराची. आजच्या फ्रँचायझी-कराराला ही तुलना तंतोतंत लागू पडत नाही, पण करार वाचताना ती डोक्यात असलेली बरी. नाव 'मोकळीक' असलं तरी कुणाची मोकळीक आणि कुणाची जोखीम, हे विचारायला ती शिकवते.

मोलकरणीने उभारलेली साखळी

अमेरिकेतला पहिला प्रयोग म्हणून बहुतेक जण सिंगर शिवणयंत्राचं नाव घेतात. १८५० च्या दशकात या कंपनीने ठिकठिकाणच्या एजंटांना यंत्रं विकण्याचे हक्क दिले. पुढे मात्र तिने बरीचशी विक्री स्वतःच्या शाखांकडे घेतली. १८९९ मध्ये चॅटनूगाच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला मिळवले. कंपनीने फक्त सिरप विकायचं. कारखाना, बाटल्या, गाड्या, सगळा खर्च बाटलीवाल्यांचा. मोटारींचे डीलर आणि पेट्रोल पंप हेही याच वळणाने गेले.

पण आज आपण ज्याला फ्रँचायझी म्हणतो, म्हणजे नुसता माल नव्हे तर दुकान चालवण्याची सगळी पद्धतच भाड्याने देणं, त्याची सुरुवात करणाऱ्यांत एक बाई होती. मार्था मटिल्डा हार्पर. कॅनडात जन्मलेली, सातव्या वर्षी घरकामाला लागलेली. दोन दशकांहून अधिक काळ मोलकरीण म्हणून राबल्यावर १८८८ मध्ये साठवलेल्या ३६० डॉलरांवर तिने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात केशभूषेचं दुकान काढलं. १८९१ पासून तिने आपल्या पद्धतीची दुकानं इतरांना चालवायला दिली आणि भरभराटीच्या काळात त्यांची संख्या पाचशेच्या आसपास गेली.

हार्परने सुरुवातीची दुकानं आपल्यासारख्याच कष्टकरी बायकांना दिली. त्यांच्याकडे भांडवल फारसं नव्हतं, पण त्या दिवसभर दुकानात उभ्या राहणार होत्या, कारण त्यांना दुसरं उत्पन्नच नव्हतं. फ्रँचायझी हे आधी नोकरीतून सुटण्याचं साधन होतं. नोकरीला जोड म्हणून तिच्याकडे पाहणं नंतर आलं.

क्लबातले मित्र आणि वॉकीगनचं जोडपं

आपला प्रश्न सर्वांत स्पष्टपणे समोर आला तो १९५५ मध्ये, शिकागोच्या आसपास. मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनल्ड बंधूंचं पंधरा सेंटच्या हॅम्बर्गरचं दुकान पाहायला गेला आणि देशभर तशी दुकानं काढून देण्याचे हक्क घेऊन परतला. १५ एप्रिल १९५५ ला डेस प्लेन्स या उपनगरात त्याचं स्वतःचं दुकान उघडलं.

क्रॉकने तेव्हा आपला मूळ धंदा सोडला नव्हता. सकाळी तो गाडीने डेस प्लेन्सला यायचा, दुकान उघडण्याच्या तयारीवर नजर टाकायचा, गाडी तिथेच ठेवून रेल्वेने शिकागोच्या ऑफिसात जायचा आणि संध्याकाळी पुन्हा दुकानात. पहिली काही वर्षं त्याचं घर यंत्रांच्या विक्रीवर चाललं. म्हणजे फ्रँचायझीच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला माणूस स्वतःच पोटापाण्याचं दुसरं साधन राखून हा उद्योग करत होता. मात्र दुकानात पगारी मॅनेजर असूनही तो दिवसातून दोनदा तिथे जायचा, हे विसरता कामा नये.

क्रॉकने सुरुवातीची बरीच दुकानं विकली ती रोलिंग ग्रीन या आपल्या गोल्फ क्लबातल्या मित्रांना. ही सुखवस्तू मंडळी होती, प्रत्येकाचा स्वतःचा दुसरा व्यवसाय होता. त्यांना गुंतवणूक हवी होती, दुकानदारी नको होती. परिणाम व्हायचा तोच झाला. कुणी पदार्थांची यादी बदलली, कुणी भाव वाढवले, कुणी स्वच्छतेकडे दुर्लक्ष केलं. क्रॉकला हे मित्र डोईजड झाले. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं" ही म्हण त्याला माहीत नव्हती, पण अनुभव तोच होता.

याच सुमारास वॉकीगन या कामगारवस्तीच्या गावात सॅनफर्ड आणि बेटी अ‍ॅगेट या जोडप्याने दुकान उघडलं. नवरा छापखान्यात काम करणारा, बायको दारोदार बायबल विकणारी. आयुष्यभराची सुमारे २५,००० डॉलरांची बचत त्यांनी यात घातली आणि दोघंही पूर्णवेळ दुकानात उभे राहिले. वॉकीगनचं दुकान पहिल्या दिवसापासून धो-धो चाललं. क्रॉकने त्यातून धडा घेतला: यापुढे दुकान शक्यतो अशा माणसाला द्यायचं, ज्याची सगळी पुंजी त्यात अडकली आहे आणि जो स्वतः तिथे असेल. 'मालक-चालक' हा मॅकडोनल्ड्सचा आग्रह पुढे कायम राहिला. चिक-फिल-ए तर आजही दुकान चालवणाऱ्याने दुसरा कुठलाही धंदा करू नये, अशी अट घालते.

पण कंपनीला जे सोयीचं, ते दुकानदाराच्या हिताचं असतंच असं नाही. ज्याला मागे परतायला वाट नाही, तो जिवाच्या आकांताने राबतो, हे कंपनीला कळलं होतं. तो धडा क्रॉकसाठी होता. आपण विचार करायचा तो अ‍ॅगेट जोडप्याच्या जागी उभं राहून. ते दुकान चाललं नसतं तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?

अणुशास्त्रज्ञाचे हजार डॉलर

याच्या नेमकं उलट उदाहरण दहा वर्षांनी घडलं. १९६५ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुकाने कॉलेजच्या फीसाठी पैसे कसे मिळवावेत, असं घरोब्यातल्या पीटर बक यांना विचारलं. बक हे अणुभौतिकीतले डॉक्टरेट, चांगल्या नोकरीत. त्यांनी सँडविचचं दुकान काढायला सुचवलं आणि हजार डॉलर दिले. त्याचंच पुढे सबवे झालं. बक यांनी आपली शास्त्रज्ञाची नोकरी सोडली नाही.

इंजिनिअर मंडळींना ही गोष्ट फार आवडते. पण तिचे तपशील पाहावेत. एक, बक यांनी फ्रँचायझी विकत घेतली नव्हती. ते साखळीचेच भागीदार होते, म्हणजे रॉयल्टी देणाऱ्या नव्हे, घेणाऱ्या बाजूला होते. दोन, दुकानात राबायला डेलुका होता, आणि तो पगारी नोकर नव्हता, भागीदार होता. तीन, दहा वर्षांत बत्तीस दुकानं काढायचं त्यांचं उद्दिष्ट होतं. १९७४ पर्यंत निम्मीच झाली, तेव्हा इतरांच्या भांडवलावर वाढायचं ठरवून त्यांनी फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली. त्यानंतर सबवेची अमेरिकेतली दुकानं २०१५ च्या सुमारास २७ हजारांच्या आसपास गेली आणि मग काही वर्षांत हजारोंनी बंद पडली. एका चौकातलं दुकान चाललं की पुढच्या चौकात दुसरं निघे. दोन्हींची रॉयल्टी कंपनीला मिळे. गिऱ्हाईक मात्र दोघांत वाटलं जाई.

कायदा कशामुळे आला

१९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँचायझीचं पीक भरमसाट आलं. नटनट्या, खेळाडू, गायक यांच्या नावांवर साखळ्या निघाल्या. नॅशव्हिलच्या लोकप्रिय विनोदी कलावंत मिनी पर्ल यांच्या नावाने निघालेली कोंबडीची साखळी त्यांत गाजली. दुकानं उघडण्याआधीच त्यांच्या हक्कांची विक्री हेच कंपनीचं उत्पन्न म्हणून दाखवलं गेलं, शेअर वर गेले, हिशेबाची चौकशी लागली आणि डोलारा कोसळला. हक्क विकत घेतलेल्यांचे पैसे बुडाले.

अशा अनुभवांतून १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला: विकण्याआधी माहिती उघड करा. १९७८ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने देशभरासाठी नियम केला, तो १९७९ पासून लागू झाला आणि २००७ मध्ये सुधारला गेला. आज कुठलीही फ्रँचायझी विकणाऱ्याला तेवीस कलमांचं माहितीपत्र द्यावं लागतं, आणि ते हातात पडल्यावर किमान चौदा दिवस जाईपर्यंत सही किंवा पैसे घेता येत नाहीत.

हे माहितीपत्र म्हणजे सरकारी शिफारस नव्हे. केंद्र सरकार ते तपासून पास करत नाही. काही राज्यांत नोंदणी लागते, तीही धंदा चांगला असल्याची हमी नसते. पण वाचणाऱ्याला त्यात खजिना आहे. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या कलमांत सुरुवातीची फी, पुढची देणी आणि एकूण गुंतवणुकीचा अंदाज. बाराव्यात तुमच्या हद्दीत कंपनी दुसरं दुकान काढू शकते का. सतराव्यात करार कधी संपतो, कोण मोडू शकतं. एकोणिसाव्यात उत्पन्नाचे आकडे, पण ते देणं ऐच्छिक आहे. न देणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी तोंडी आकडे सांगू लागला तर सावध व्हावं. विसाव्यात किती दुकानं उघडली, किती बंद पडली, आणि चालू व नुकत्याच सोडून गेलेल्या दुकानदारांचे संपर्क.

आपल्या प्रश्नाचं उत्तर पंधराव्या कलमात असतं. मालकाने स्वतः धंदा चालवलाच पाहिजे का, की मॅनेजर चालेल, हे तिथे लिहावंच लागतं. 'नोकरी सांभाळून करता येईल' असं विक्रेता म्हणाला, तर तो कागद उघडून पंधरावं कलम त्याच्यासमोर वाचावं. कुमॉनसारख्या शिकवणीच्या साखळीत केंद्र चालवणाऱ्याने स्वतः शिकवण्याची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा असते. उलट ग्रेट क्लिप्ससारख्या केशकर्तनाच्या साखळ्या नोकरी करणाऱ्या मालकांनाही घेतात.

हिशेबाची वही

आता एक कल्पित हिशेब मांडू. समजा, खाण्याच्या छोट्या दुकानाची वर्षाची विक्री ६,००,००० डॉलर आहे. कच्चा माल ३० टक्के, मजुरी ३० टक्के, जागेचं भाडं १० टक्के, रॉयल्टी आणि जाहिरात-निधी मिळून १२ टक्के, वीज-विमा-दुरुस्ती वगैरे १० टक्के. उरले ८ टक्के, म्हणजे ४८,००० डॉलर.

तुम्ही नोकरीवर जाणार, म्हणून ५०,००० डॉलर पगाराचा मॅनेजर ठेवलात, तर वर्षाअखेर दोन हजारांचा तोटा, आणि बँकेचा हप्ता अजून दिलेलाच नाही. मॅनेजर न ठेवता स्वतः उभे राहिलात, तर ते ४८,००० तुमचे. पण तो नफा नव्हे, तुमच्या उभं राहण्याची मजुरी आहे.

आता विक्री १० टक्क्यांनी घटली असं धरू. माल आणि रॉयल्टी त्या प्रमाणात घटतील, पण भाडं, माणसं, वीज तीच. उरतात १३,२०० डॉलर. कंपनीचं उत्पन्न दहा टक्क्यांनी घटलं, तुमचं बहात्तर टक्क्यांनी. रॉयल्टी नफ्यावर नव्हे, विक्रीवर असते, या एका वाक्यात कंपनी आणि दुकानदार यांच्यातला फरक आहे.

अर्थात उलटही होतं. विक्री वाढली की नफा तितक्याच वेगाने वाढतो. म्हणूनच पाच-सहा दुकानं असलेले आणि सगळ्यांवर मिळून एक चांगला व्यवस्थापक ठेवणारे मालक यशस्वी झालेले दिसतात. एका दुकानाला मॅनेजरचा पगार झेपत नाही, सहांना झेपतो. पण सहाव्या दुकानापर्यंत पोचण्याआधी पहिलं दुकान तगावं लागतं.

पटेलांची गोष्ट, नीट सांगायची तर

या चर्चेत मोटेलवाल्या गुजराती बांधवांचं उदाहरण हटकून येतं. त्यांचं यश खरंच मोठं आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना आज हॉटेल-व्यवसायातली एक बलाढ्य संस्था आहे. पण ती पिढी काय करत होती? कुटुंब मोटेलमध्येच राहत होतं. आई खोल्या आवरायची, वडील रात्री काउंटरवर बसायचे, मुलं शाळेतून येऊन चादरी घड्या करायची. घरभाडं नाही, पगारी माणसं जवळजवळ नाहीत, भांडवलाला नातेवाइकांचा आधार. त्यांनी नोकरीला जोडधंदा केला नव्हता. सगळं घरच धंद्यात घातलं होतं. त्यांच्या यशाचा दाखला देऊन आठवड्याला दहा तासांचं दुकान विकणं, हे त्यांच्या कष्टांवरही अन्याय करणारं आहे.

आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या नोकरीच धरली. म्हणून मराठी माणसाला धंदा जमत नाही, असंही आपणच म्हणतो. मला ते पटत नाही. अमेरिकेत नोकरी न सोडण्याची कारणं स्वभावात कमी आणि इथल्या व्यवस्थेत जास्त आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगार गोठवले. माणसं टिकवायला कंपन्यांनी आरोग्यविमा देऊ केला, पुढे त्याला करसवलत मिळाली, आणि घराचं आजारपण कायमचं नोकरीला बांधलं गेलं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांची तर रांगही नोकरीलाच बांधलेली. एच-१बीवर असताना दुकानाची मालकी असणं आणि तिथे काम करणं या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

म्हणून आपल्या समाजात प्रत्यक्षात दिसते ती वेगळीच विभागणी. नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी, तिच्यावर विमा आणि घराचा हप्ता. दुसऱ्याचं पूर्णवेळ केंद्र किंवा दुकान. मला ही रचना सर्वांत शहाणपणाची वाटते. नोकरीही सांभाळली जाते आणि दुकानात मालकही असतो, फक्त माणसं दोन असतात. मात्र दुकान 'दोघांचं' आणि राबणं एकटीचं, असं होऊ नये याची बोलणी सही करण्याआधी घरात व्हायला हवीत.

पणाला काय लागतं

शेवटी पैशाबद्दल. सरकारी हमीच्या एसबीए कर्जात वीस टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. कंपनी एलएलसी असली तरी त्या कर्जापुरती ढाल गळून पडते. दुकान बुडालं तर बँक घरापर्यंत येऊ शकते. दुसरी वाट म्हणजे निवृत्तीचा निधी धंद्यात वळवणारी 'रोब्स' ही योजना. २००९ मध्ये करखात्याने अशा धंद्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले बहुतेक बुडालेले किंवा बुडण्याच्या वाटेवर असलेले आढळले. त्यांच्या मालकांचा धंदा गेला आणि म्हातारपणाची पुंजीही गेली.

हे सगळं वाचून कुणी फ्रँचायझी घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. नोकरी असताना विचार करण्याचा एक मोठा फायदा आहे: घाई नसते. कपात झाल्यावर, भरपाईचा चेक हातात असताना आणि स्वाभिमान दुखावलेला असताना घेतलेला निर्णय वेगळा असतो. तेव्हा नोकरी आहे तोवरच माहितीपत्र मागवा. ते चौदा दिवस नुसते जाऊ देऊ नका. विसाव्या कलमातल्या यादीतून कंपनीने सुचवलेले नव्हे, तर दुकान सोडून गेलेले पाच-सहा जण निवडा आणि त्यांना फोन करा. तुम्ही आठवड्याला किती तास देत होता, मॅनेजर किती दिवस टिकत होते आणि पहिला पगार स्वतःला कधी घेतलात, एवढे तीनच प्रश्न विचारा. मग एखाद्या शनिवारी अशाच दुसऱ्या दुकानात उघडण्यापासून बंद होईपर्यंत उभं राहण्याची परवानगी मागा. रात्री घरी आल्यावर जोडीदारासोबत बसून हिशेबाची वही पुन्हा उघडा, आणि त्यात मॅनेजरच्या पगाराची ओळ विसरू नका.